चार काजू, तीन चिंचोके

मुरारी,

तुझ्यावर चार ओळी लिहून द्या म्हणून इथल्या साप्ताहिकाचे संपादक दोनदा घरी येऊन गेले. "जन्म, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण, स्वभाव मनमिळाऊ, एवढं पुरे," म्हणाले. मी होय म्हटलं, टाक घेऊन बसलो आणि शेवटच्या शब्दाला अडलो. मनमिळाऊ? तू? अरे मेल्या, आपल्या मंडळातल्या सात जणांपैकी सहा जणांशी तू कधी ना कधी महिनामहिना अबोला धरलास, आणि सातवा तू स्वतः. ते लिहिणं मी बाजूला ठेवलं. संपादकांना दुसरं कोणीतरी लिहून देईल. हे तुलाच लिहितोय.

तू गेलास त्याला आज अठरा दिवस झाले. कचेरीत मी टपाल नोंदवत बसलो होतो. तुमच्या मांडवीचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जयगडचे मास्तर गेले. मुदतीचा ताप." आणि मी विचारलं, "कोणते मास्तर?" खरंच विचारलं रे. जयगडात मला एकच मास्तर ठाऊक, तरी विचारलं. त्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली. मग मी साहेबांची रजा न मागताच उठलो. चौदा वर्षांची नोकरी असती तरी उठलो असतो, आता तर नऊच झालीत.

तुझ्या तोंडावर जे सांगायचं होतं ते आता कागदावर सांगतो, आणि आधीच सांगून टाकतो, नाहीतर माझं नेहमीचं होईल, सगळं बोलेन आणि तेवढंच राहील. आपल्या नाटकाचा शेवट कोणता ठेवायचा यावर आपण मतं घेतली होती. मोजायला मी होतो. मडक्यात चार काजूच्या बिया होत्या आणि तीन चिंचोके. मी बाहेर येऊन सांगितलं, तीन काजू आणि चार चिंचोके. झालं. एवढंच. दहा वर्षं हे माझ्या घशात होतं आणि लिहायला बघ अर्धं मिनिट लागलं नाही.

मंडळ हे तुझंच खूळ. हायस्कुलात दरवर्षी नाटक व्हायचं, पण ते मास्तर बसवायचे, भाड्याचे मुकुट यायचे आणि ज्याचा बाप मोठा तो राजा व्हायचा. मॅट्रिकच्या वर्षी तू आमची टाळकी गोळा केलीस आणि तुमच्या घरामागच्या पडवीत, जिथे तुझे वडील जाळी दुरुस्त करायचे, तिथे आम्हाला बसवून सांगितलंस, "हितं कोण मॅनेजर नाय, कोण नायक नाय. जे काय ठरंल ते सगळ्यांनी ठरवायचं." मी चिटणीस झालो, कारण माझं अक्षर बरं होतं. आता तेच अक्षर कचेरीत झिजतंय.

आधी आपण हात वर करून ठरवायचो. पण व्हायचं काय, सगळे पहिल्यांदा तुझ्याकडे बघायचे. तुझा हात वर गेला की सगळे हात वर. तुझा खाली राहिला की सगळ्यांना अचानक पाठ खाजवायची असायची. तू असा भडकलास! "तुमचे हात माझ्या हाताला सुतळीनं बांधलेत काय रे?" मग तू ती बियांची पद्धत काढलीस. प्रत्येकाला एक काजूची बी, एक चिंचोका. काजू म्हणजे होय, चिंचोका म्हणजे नाही. मडक्याच्या तोंडावर फडकं, त्याखाली हात घालायचा, हवी ती बी आत टाकायची आणि उरलेली शेजारच्या झाकलेल्या टोपलीत. कोणी काय टाकलं ते कोणाला कळता कामा नये. आणि मोजायचं चिटणीसाने, एकट्याने, माजघरात जाऊन. मोजलं की लगेच बिया टोपलीतल्या बियांत मिसळायच्या.

"एकट्यानं कशाला? दोघं मोजू," असं मीच म्हटलं होतं, आठवतं? तू म्हणालास, "दोघं बसले की कुजबुज होते. आणि सदू काय खोटं बोलणार नाय." मंडळाच्या वहीत तो नियम माझ्याच हाताने लिहिलेला आहे. मत लपवायची एवढी काळजी आपण घेतली, पण मोजणाऱ्यावर लक्ष ठेवायला कोणी नेमलाच नाही. आपल्यासारख्या शहाण्यांनीच करावी अशी चूक.

नाटक तू तीन आठवड्यांत लिहिलंस. नाव काय द्यायचं यावर तीनदा मतं घेतली आणि शेवटी ठरलं नाहीच, कार्यक्रमपत्रिकेवर 'विद्यार्थ्यांचे नाटक' एवढंच छापून आलं. एका बेटावरचं गाव. गावाचं सगळं सभा ठरवते, विहीर कधी उपसायची इथपासून होड्या कधी लोटायच्या इथपर्यंत. मग चाचे येणार अशी आवई उठते. लोक घाबरतात आणि एका माणसाला राखणदार करतात, फक्त एका पावसाळ्यापुरता. बुरुजाच्या किल्ल्या त्याच्याकडे, दवंडीही त्याच्याकडे. पावसाळा संपतो, भीती काही संपत नाही. आणखी एक पावसाळा, मग आणखी एक. चाचे काही येत नाहीत. शेवटच्या प्रवेशात राखणदार सभा बोलावतो आणि विचारतो, "माझ्याविरुद्ध कोणाचं काही म्हणणं आहे?" सगळ्यांच्या माना खाली. आणि मग मागच्या बाजूने एक कोळीण, म्हातारी, उठून उभी राहते. पडदा.

म्हातारीचं काम तू मला दिलंस. नाटकभर बारीकसारीक बडबड, आणि शेवटी एक शब्द नाही, नुसतं उभं राहायचं. यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, तिला काहीतरी बोलू दे. तू म्हणायचास, "बोलली की लोक टाळ्या वाजवतील नि घरी जातील." मी म्हणायचो, मग निदान आणखी दोघे उठू देत, एकटी म्हातारी काय करणार, हे तर निराशेचं नाटक झालं. तू म्हणायचास, "निराशेचं कसं? अजून एक जण उठतंय तर गाव मेलेला नाय. बाकीचे उठतात की नाय ते मी कसं ठरवू? ते समोर बसलेल्यांनी ठरवायचं." ते भांडण आपलं मिटलंच नाही. आज विचारशील तर तुझं बरोबर होतं असं म्हणेन, पण तुला हरवायला मला किती आवडायचं ते तुला ठाऊक आहेच.

त्या वर्षी बक्षीससमारंभाला कलेक्टरसाहेब येणार होते. हेडमास्तरांनी आपल्याला बोलावलं. वाईट माणूस नव्हता, दरडावले नाहीत, उलट गूळपाणी दिलं. "मुलांनो, नाटक झकास आहे. शेवट तेवढा जरा... असं करा, शेवटी एक चांगला राजा आणा. राजा येतो, राखणदाराला हाकलतो, प्रजा आनंदते." तू म्हणालास, आम्हाला ठरवावं लागेल. ते हसले. "ठरवा की. तुमची ती बियांची पद्धत मी ऐकलीय. चांगली आहे."

त्याच संध्याकाळी आमच्या अण्णांच्या कानावर गेलं. अण्णा तेव्हा कचेरीत कारकून, बढतीच्या तोंडावर. जेवून हात धुतल्यावर म्हणाले, "साहेबासमोर लुगडं नेसून तू उठून उभा राहणार? राज्य करणाऱ्याविरुद्ध? मी पहिल्या रांगेत बसून बघू काय?" मी म्हटलं, नाटक आहे अण्णा. ते म्हणाले, "माझी मंडणगडला बदली झाली की तुझ्या आईचा दमा तिथे कोणता डॉक्टर बघणार ते तुझ्या त्या म्हातारीला विचार." आई आत खोकत होती. ती मुद्दाम खोकत नव्हती, पण मला तेव्हा तसंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मतं. काजू म्हणजे तुझा शेवट, चिंचोका म्हणजे राजाचा. आता यातली खरी शरमेची गोष्ट ऐक. मी काजू टाकला. हो, मी! फडक्याखाली हात गेला आणि मी शूर झालो. मला वाटलं, बाकीचे चौघे-पाच जण चिंचोके टाकतील, शेवट बदलेल, अण्णांची बदली टळेल आणि मी मात्र मनातल्या मनात तुझ्या बाजूचा राहीन. फुकटात शौर्य हवं होतं मला.

माजघरात मडकं उपडं केलं. चार काजू. दोनदा मोजले. तुझी आई तिथेच तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "काय रे सदू, झाला काय मोजून? सुकटाची चटणी केलंय, खाऊन जा." तुमच्याकडे मी सुकट खातो हे आमच्या घरी कोणाला ठाऊक नव्हतं. तू ते कधी कोणाला सांगितलं नाहीस, आमच्या आईने एकदा खोदून विचारलं तेव्हा "सदू आमच्यात पाणीसुद्धा पीत नाय" असं छातीठोक सांगून आलास. असा तू. आणि मी तिथे तुझ्याच आईसमोर त्या बिया टोपलीत ओतल्या, हाताने ढवळल्या, आणि पडवीत येऊन तुझ्याकडे न बघता आकडे उलटे सांगितले.

दोघे-तिघे एकदम ओरडले. "परत घेऊ, परत घेऊ." आणि तू त्यांच्यावरच उखडलास. "हरलो म्हणून परत? मग हे नाटक कशाला लिवलं मी? बहुमत हाय ना? मग झालं." तू रडवेला झाला होतास रे. कान लाल झाले होते. तरी वही ओढलीस आणि तिथेच बसून राजाचा प्रवेश लिहायला घेतलास. वाईट लिहिला असतास तर मला बरं वाटलं असतं. पण तू जीव ओतून लिहिलास, राजाची वाक्यं सगळ्यांत चांगली झाली. बक्षीससमारंभात मी लुगडं सावरत त्या राजाला हार घातला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, अण्णांनी त्यांच्यापेक्षा मोठ्याने. तू विंगेत पडद्याची दोरी धरून उभा होतास. पडदा पडल्यावर माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "म्हातारी झकास केलीस."

नंतरची वर्षं तुला ठाऊक आहेत. मंडळातले तिघे मुंबईला गिरणीत गेले, एक आगबोटीवर लागला, एकाने गावी दुकान घातलं. मी अण्णांच्याच कचेरीत चिकटलो. अण्णांची बढती झाली नाही ती नाहीच, आणि बदलीही झाली नाही. आई गेली, अण्णाही गेले. म्हणजे ज्यांच्यासाठी मी खोटं बोललो असं स्वतःला सांगत आलो ती दोन्ही माणसं सहा वर्षांपूर्वीच मोकळी झाली. मग नंतर मी कोणासाठी गप्प होतो? तुझ्यासाठी नव्हे. स्वतःसाठी. तुझ्या मनात माझी जी जागा होती ती मला सोडवत नव्हती.

तू जयगडला मास्तर झालास आणि तुझी कार्डं यायला लागली. शाळेत मुलांचं नाटक बसवतोय. आपलंच. प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ असायचीच, 'मंडळ एकदा जमवूया, शेवटाचा ठराव पुन्हा घेऊ.' मी उत्तर द्यायचो, 'बघू. सगळे पांगलेत.' पाच-सहा वेळा तरी मी हेच उत्तर दिलं असेल. मला वाटायचं, याचं आपलं काहीतरी जुनं खूळ आहे, शेवट बदलायचाय तर बदल ना बाबा, लिहिणारा तूच. तू तो बदलत का नाहीस याचा मी कधी विचारच केला नाही.

प्रांताच्या निवडणुकीच्या वेळी तू आईला भेटायला आला होतास. मला मतदानाच्या कामाला जुंपलं होतं. संध्याकाळी आपण किनाऱ्यावर बसलो. तू अगदी खुशीत होतास, लहान पोरासारखे प्रश्न विचारत होतास. पेटी कशी असते, सील कोण लावतं. मग विचारलंस, "मोजताना कितीजण असतात रे?" मी म्हटलं, बरेच असतात, उमेदवारांची माणसं समोर बसून बघतात. "बरं करतात," म्हणालास. "आपण एकालाच बसवायचो. तू होतास म्हणून निभावलं."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. किनाऱ्यावर कोणी नव्हतं, तू खुशीत होतास, फार तर मुस्कटात मारली असतीस, महिनाभर अबोला धरला असतास. मी काय केलं? म्हटलं, "उशीर झाला, काकी वाट बघत असतील." तुला कळलं होतं का आणि तू मला मोकळं होण्यासाठी दार उघडून देत होतास का, हे मी गेले अठरा दिवस डोक्यात घोळवतोय. पण नाही. तू आडून बोलणारा नव्हतास. तू खरंच मला चांगलं म्हणत होतास, आणि तेच जास्त लागतं.

तेरावा झाल्यावर काकी म्हणाल्या, "सदू, त्याची पेटी तेवढी आणून दे. पोरांच्या वह्यापण असतील त्यात, त्या त्यांच्या त्यांना दे." म्हणून परवाच्या रविवारी मी जयगडला गेलो. आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना पाय घसरला, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, आणि तसाच तुझ्या शाळेत गेलो. रविवार असून शाळा उघडी होती. अकरा मुलं, दोन बाक भिंतीला लावलेले, आणि तुझं नाटक चाललेलं. मास्तरांच्या नावाने ते पुढच्या आठवड्यात करणार आहेत. म्हातारीचं काम शेवंती नावाची तुझी विद्यार्थिनी करते. बारा-तेरा वर्षांची असेल, बारीक, पण आवाज कसला! तू मला तिच्याबद्दल लिहिलं होतंस.

मी मागे बसून बघितलं. राजा आला, राखणदाराला हाकललं, शेवंतीने हार घातला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आमाला हा शेवट आवडत नाय. मास्तरांना पण आवडत नव्हता."

मी विचारलं, मग बदलला का नाही?

"आमी दर वर्षाला सांगायचो बदला म्हणून. ते म्हणायचे, सात जणांनी ठरवलेला हाय, सात जण परत बसले तरच बदलंल. मी एकट्यानं बदलला तर मीच राखणदार झालो."

मुरारी, तेव्हा मला कळलं. दरवर्षी तू स्वतःच्या हाताने तो राजा आणत होतास. या पोरांसमोर, मनाविरुद्ध, मी सांगितलेल्या एका खोट्या आकड्याला मान देऊन. तुझ्या कार्डावरची शेवटची ओळ खूळ नव्हती. तू माझ्याकडे सुटका मागत होतास आणि मी 'बघू' लिहून पाठवत होतो.

मग मी त्यांना सांगितलं. मडकं, बिया, माजघर, सगळं. मी थांबल्यावर शेवंतीने विचारलं, "मास्तरांना सांगितलात?"

"नाही."

"का नाय?"

मी अण्णांचं सांगायला लागलो. बदली, आईचा दमा. खरंच होतं सगळं, पण त्या पोरांसमोर बोलताना माझं मलाच ते उसनं वाटायला लागलं. तिने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "ते तवाचं झालं. मागाहून का नाय सांगितलात?"

कचेरीत कोणी अवघड विचारलं की मी 'कागद बघून सांगतो' म्हणतो. तिथे तेही सुचेना.

मुलं आपसात कुजबुजली. मग एकाने सांगितलं की आम्ही आता मतं घेतो, शेवट कोणता ठेवायचा ते आजच ठरवतो. मला इतकं बरं वाटलं, इतकं हलकं वाटलं, की माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "घ्या, घ्या. मी मोजून देऊ?"

बोललो आणि जीभ चावली. कोणी हसलं नाही. शेवंतीने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे, तुझी शपथ. मास्तरांच्या पाहुण्याशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "नको. तुमी जरा भायेर थांबा."

मी बाहेर गेलो, मुरारी. त्यांनी दार आतून लावून घेतलं.